डाळीवर रुसू नकोस, छोटे

छोटे, परवा रात्री साडेदहाला तुझा फोन आला आणि पहिली पाच-सात मिनिटं तू नुसतं इकडचं तिकडचं बोलत राहिलीस. अकोल्याचा उकाडा, पाण्याचे दिवस, जावेच्या मुलाची शाळा. मी ऐकत होते, आणि तुझं खरं बोलणं अजून यायचं आहे हेही कळत होतं. मग तू आवाज एकदम खाली आणलास आणि म्हणालीस, "ताई, मला डाळ पचत नाही गं. मी वरण खाणंच सोडलं."

त्यानंतर जे सांगितलंस ते लहानपणी रडतानासुद्धा तू मला सांगितलं नसतंस. पोट फुगतं, गुडगुडतं, रात्री कळ येते. घरात अकरा माणसं, भिंती पातळ, न्हाणीघराला लागूनच दिराची खोली. मग तू श्वास धरून बसतेस, कूस बदलत पहाट करतेस. सकाळी सासूबाई विचारतात, "काहून वो, जेवली नाही काय रात्री?" आणि तू म्हणतेस, भूक नव्हती.

फोनवर मी तुला फार काही सांगू शकले नाही, कारण तुला बोलायला बाजूला कुणी नाही अशी जागाच नव्हती. म्हणून हे लिहिते आहे. निवांत वाच.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक, की तुझ्या पोटात काही खोट आहे. आणि दुसरीही काढून टाक, की सासूबाईंच्या हातचं तुला बाधतं. दोन्ही खरं नाही. तुला जे होतं आहे ते एका साखरेमुळे होतं आहे. हो, साखरेमुळे. गोड लागत नाही म्हणून आपण तिला साखर म्हणून ओळखतच नाही. तिचं नाव रॅफिनोज.

माझी आणि तिची ओळख जुनी आहे, आणि ती ओळख मला महागात पडली होती. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या परीक्षेत आम्हाला प्रत्येकीला एक पांढरी पूड दिली होती आणि ती कोणती साखर ते ओळखायचं होतं. मी परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घेतलं, पूड विरघळवून टाकली, उकळत्या पाण्यात धरली. ग्लुकोज असतं तर निळ्याचं हिरवं, मग पिवळं, मग विटकरी झालं असतं. माझी नळी निळीच राहिली. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं, निळीच. शेवटी घाबरून मी लिहिलं, "यात साखर नाही." मार्क गेले. बाहेर आल्यावर कळलं की बाटली रॅफिनोजची होती. ही साखर बेनेडिक्टला दाद देत नाही. आधी तिला थोड्या आम्लात उकळावं लागतं, तिचे तुकडे व्हावे लागतात, तेव्हा कुठे नळी रंग बदलते.

त्या दिवशी मी खूप रडले होते. तू तेव्हा सातवीत होतीस, तुला आठवत नसेल. पण आज इतकी वर्षं अमरावतीत त्याच प्रकारच्या प्रयोगशाळेत उभं राहून मुलींना शिकवताना मला वाटतं, रॅफिनोज समजायला त्या निळ्या नळीइतकी चांगली जागा नाही. तिथे द्रावणाने तिला ओळखलं नाही. आपल्या पोटातही नेमकं तेच होतं.

आपल्या डब्यातली जी रोजची साखर आहे ती दोघींची जोडी आहे, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. या जोडीतल्या ग्लुकोजला गॅलॅक्टोज नावाची तिसरी येऊन चिकटली की झालं रॅफिनोज. तीन साखरा एका साखळीत. अशी अजून एक गॅलॅक्टोज लागली की तिचं नाव स्टॅकिओज, आणखी एक लागली की व्हर्बास्कोज. मूग, उडीद, तूर, हरभरा, बरबटी, मोठ, सोयाबीन या सगळ्यांत या साखळ्या कमी-जास्त असतात. मुगा-उडदात व्हर्बास्कोज जास्त, सोयाबीनमध्ये स्टॅकिओज जास्त.

आता गॅलॅक्टोजचा तो सांधा तोडायला एक विशिष्ट पाचकरस लागतो, अल्फा-गॅलॅक्टोसिडेज. माणसाच्या लहान आतड्यात तो नसतो. तुझ्यात नाही, माझ्यात नाही, सासूबाईंच्यात नाही, कुणाच्यातच नाही. त्यामुळे ही साखर पचल्याशिवाय तशीच मोठ्या आतड्यात उतरते. तिथे जे कोट्यवधी जंतू राहतात त्यांच्याकडे मात्र तो रस असतो. ते तिच्यावर तुटून पडतात, आणि तिचा फडशा पाडताना कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन आणि काहींच्या पोटात मिथेन असे वायू सोडतात. तुझ्या पोटातली गुडगुड ती एवढीच. हे तिन्ही वायू बिनवासाचे असतात. वास येतो तो गंधक असलेल्या पदार्थांमुळे, अंडी, लसूण, कोबी यांच्याकडून. आणि धडधाकट माणूस दिवसातून दहा-वीस वेळा वायू सोडतो. त्या घरातली अकराच्या अकरा माणसं सोडतात. फक्त नव्या सुनेनेच श्वास धरून बसायचं, हे तुझ्या मनाने ठरवलेलं आहे.

मग सासूबाईंना का होत नाही, असं तू विचारशीलच. होत असतं, पण कमी. त्या साठ वर्षं रोज डाळ खात आल्या आहेत, त्यांच्या आतड्यातली वस्ती त्या साखरेला सरावलेली आहे. तू चार वर्षं पुण्याला राहिलीस. सकाळी पोहे नाहीतर ब्रेड, दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनचा भात, रात्री काहीतरी मागवलेलं. डाळ आठवड्यातून एकदा पोटात जात असेल. आणि तिथून एकदम या घरात आलीस, जिथे सकाळी तुरीचं वरण, रात्री झुणका, मधल्या दिवशी उसळ आणि रविवारी गोळ्याची आमटी. तुझ्या पोटाला सराव व्हायला वेळच मिळाला नाही.

छोटे, तुला आपल्या गोठ्यातलं ढेपेचं घमेलं आठवतं? दर्यापूरला आजी संध्याकाळी सरकीची ढेप भिजत घालायची. फुगलेल्या ढेपेचा एक जड, गोडसर वास सगळ्या अंगणात पसरायचा. तू एकदा त्यातला तुकडा तोंडात टाकला होतास आणि आजीने तुझ्या तोंडात बोट घालून तो काढला होता. बरं केलं तिने. सरकीत गॉसिपॉल असतं, ते आपल्याला बाधतं. गाई-बैलांच्या पोटाची रचना वेगळी, ते बऱ्यापैकी निभावून नेतात. पण त्या गोडसर ढेपेत रॅफिनोजही भरपूर होतं. सरकी घाण्यातून निघाली की तेल वेगळं होतं, तेलात साखर जात नाही, ती सगळी ढेपेत राहते. म्हणून जगात जिथे कुठे हे रॅफिनोज बाटलीत भरून विकतात तिथे ते मिळवायच्या जागा मुख्यतः दोन, साखरेच्या बीटची मळी आणि तेल काढलेली सरकी. एकोणिसाव्या शतकात सरकीतून ती हाती लागली तेव्हा तिला कापसाच्या लॅटिन नावावरून गॉसिपोज म्हणायचे. त्याआधी 1843 मध्ये निलगिरीच्या झाडाच्या गोड चिकातून ती मिळाली होती, आणि 1876 मध्ये लुआझो नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला बीटच्या मळीत सापडली, तेव्हा तिचं आजचं नाव पडलं. नावं वेगवेगळी, साखर एकच, हे नंतर कळलं.

आपण पऱ्हाटीच्या मुलखातल्या मुली. शकुंतला गाडी मूर्तिजापूरहून कापसासाठीच धावायची, बाबांची दिवाळी कापसाच्या भावावर ठरायची. पण सरकीच्या पोटात अशी काही साखर आहे हे मला परीक्षेत नापास होता होता कळलं. याची मला अजून खंत वाटते. पऱ्हाटी आणि तूर आपल्या शेतात शेजारच्या ओळींत उभ्या असतात. दोन्हींच्या दाण्यात ही साखर आहे आणि आपल्याला शाळेत कुणी ते सांगितलं नाही.

ती दाण्यात असते कशाला, ते ऐक. स्वयंपाकघरातले सगळे उपाय यातूनच निघतात.

दाणा हिरवा असतो तेव्हा ही साखर त्यात थोडीच असते. दाणा पिकायला लागतो, त्यातलं पाणी उडायला लागतं, तेव्हा झाड घाईने ती साठवायला घेतं. पेशीतलं पाणी गेलं की पेशीचं पातळ आवरण चुरगळतं, फाटतं. तसं होऊ नये म्हणून पाण्याच्या जागी या साखरा भरून राहतात, घट्ट होऊन काचेसारख्या गोठतात आणि आतलं सगळं जिथल्या तिथे धरून ठेवतात. म्हणून आजीने राख लावून मडक्यात ठेवलेली तूर मृगापर्यंत जिवंत राहायची. मग पाऊस पडला, दाण्याने पाणी प्यालं, की दाणा स्वतःच तो अल्फा-गॅलॅक्टोसिडेज तयार करतो आणि ही साखर मोडून कोंबाला खायला देतो. एक-दोन दिवसांत साठा बराचसा संपतो. उन्हाळ्यात तापणारं, पावसाने हुलकावणी दिली की पाण्यासाठी तरसणारं आपलं खारपाणपट्ट्याचं रान तू पाहिलं आहेस. पाणी तुटलं की झाड पानांतसुद्धा ही साखर वाढवतं.

वाळताना दाणा साखर भरतो, भिजल्यावर मोडतो. एवढं डोक्यात ठेवलंस की बाकीचं तुझं तुलाच सुचेल.

तरी मी सांगते, मोठी बहीण आहे ना.

हरभरे, मोठ, बरबटी, अख्खे मूग असं काहीही अख्खं करायचं असेल तर रात्री वाटीला चार वाट्या पाणी घालून भिजव. सकाळी ते पाणी फेकून दे. मोह होईल, कस जातो म्हणून. थोडी जीवनसत्त्वं जातात हे खरं आहे, पण तुझ्या पोटाची सध्याची अवस्था पाहता जाऊ दे. दोन पाण्यांनी खळखळून धू आणि नव्या पाण्यात शिजव. ही साखर पाण्यात विरघळते, तिचा बराच भाग त्या फेकलेल्या पाण्याबरोबर जातो. सोडा घालू नकोस. दाणा मऊ पडतो, पण सोड्याने ब जीवनसत्त्व मरतं. आणि कुकरच्या शिट्ट्या वाढवून काही होत नाही. उष्णतेने ही साखर मोडत नाही. सहा शिट्ट्या काढल्या तरी ती तिथेच असते.

मोड आणलेस तर सगळ्यात चांगलं. मुगाला, मोठाला फडक्यात बांधून दीड-दोन दिवस ठेव. तुझ्या वतीने कोंबच ती साखर खातो.

तुरीच्या डाळीचं म्हणशील तर बायका तिला धुतात आणि लगेच कुकरला लावतात. तू तासभर भिजव, पाणी बदल, मग लाव. अकोल्यात डाळीच्या गिरण्या घराघराजवळ आहेत, कृषी विद्यापीठाने केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल तर बचतगटांच्या बायका चालवतात. त्यामुळे कुणीतरी तुला सांगेलच, साल काढलेली डाळ हलकी असते. साल गेल्याने तंतू कमी होतो, हे खरं. पण ही साखर सालीत नसते, डाळीच्या दोन पाकळ्यांच्या आत असते. तिला गिरणी काढू शकत नाही, पाणी काढू शकतं.

झुणक्याचं काय करायचं, हा तुझा खरा प्रश्न आहे, मला ठाऊक आहे. बेसन कुणी भिजवून पाणी फेकत नाही, त्यामुळे हरभऱ्याच्या डाळीतली सगळीच्या सगळी साखर झुणक्यात येते. पाटवड्यांतही तेच. रात्री उशिरा जेवून लगेच आडवं व्हायचं आणि ताटात झुणका, मग पोट रात्रभर गुडगुडणारच. सध्या झुणका दोन घास घे आणि पालेभाजी जास्त घे. किंवा सकाळच्या जेवणात घे, म्हणजे दिवसभर चालता-फिरता निघून जाईल. ताक प्यायचं असेल तर पी, त्याने जीव निवतो.

ओवा आणि हिंग यांच्याबद्दल मी तुला खोटं सांगणार नाही. ओव्याने बरं वाटतं, फोडणीत हिंग असावाच, मीही घालते. पण हिंगाच्या डबीत तो साखळी तोडणारा रस नाही. चिमूटभर हिंग घातला म्हणून न भिजवलेले चणे निमूट पचतील, असं होत नाही. भिजवणं आणि हिंग, दोन्ही कर.

सोयाबीनच्या वड्या तुझा नवरा जिमला जातो म्हणून घरात येतात, म्हणालीस. त्या गरम पाण्यात भिजवल्या की हाताने घट्ट पिळ, पाणी टाकून दे, पुन्हा पाणी घाल, पुन्हा पिळ. तेल काढलेल्या सोयाबीनची ती वडी असते, तेल गेलं तरी साखर त्यातच असते. अमेरिकेत ही साखर कमी असलेलं सोयाबीन मुद्दाम तयार केलं गेलं, कोंबड्या-डुकरांच्या खाद्यासाठी. त्यांनाही ती पचत नाही.

आणि हिवाळा येऊ दे. तुरीचे ओले सोले, हरभऱ्याचे हिरवे घाटे सुरू झाले की पोटभर खा. सोलेवांगं कर, सोल्यांचं आळण कर. दाणा अजून वाळलेला नाही, साखर भरायला त्याने नुकती सुरुवात केली आहे. ओल्या तुरीने आपल्याला कधी त्रास झाला नाही आणि सुक्या तुरीच्या घुगऱ्यांनी झाला, असं आई म्हणायची. तिला कारण माहीत नव्हतं, निरीक्षण मात्र पक्कं होतं.

सुरुवात कमी कर. दोन आठवडे रोज अर्धी वाटी पातळ वरण, मग पाऊण, मग एक. सोडू नकोस आणि एकदम वाढवूही नकोस. आतड्यातली वस्ती बदलायला तेवढा वेळ लागतो. ज्यांनी डाळी-कडधान्यं रोज खाऊन पाहिली त्यांचा त्रास काही आठवड्यांत कमी झालेला दिसला आहे. शिवाय ही साखर खाऊन वाढणाऱ्या जंतूंत बिफिडोबॅक्टेरिया आहेत, आतड्याला ते हवे असतात. जपानमध्ये बीटमधून काढलेलं रॅफिनोज याच गुणासाठी खाण्यात वापरतात; गोडी साखरेच्या पाचव्या हिश्श्याएवढी, आणि हवेतलं पाणी ओढून चिकट होत नाही. तुझ्या जावेने मोबाइलवर पाहून जी प्रीबायोटिकची महागडी भुकटी मागवायचं ठरवलं आहे, तिला सांग, थांब. तो माल आपल्या तुरीच्या डब्यात आहे.

लग्नाला वगैरे जायचं आणि तिथे टाळता येणार नाही असं असेल तर त्या पाचकरसाच्या गोळ्याही मिळतात. एका बुरशीपासून, अॅस्परजिलस नायजरपासून, तो रस काढतात. पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवण झाल्यावर घेऊन उपयोग नाही. पण आधी डॉक्टरांना विचार. गॅलॅक्टोज न चालणारा एक जन्मजात आजार असतो, त्यांनी ती घ्यायची नाही, आणि मधुमेह असलेल्यांनीही विचारूनच घ्यायची, कारण साखळी तुटली की ती साखर रक्तात जाते. रोजच्यासाठी मात्र मला ती गोळी पसंत नाही. भिजत घालायला पैसे लागत नाहीत.

आता जरा कठोर बोलते. हे सगळं डाळीने होणाऱ्या साध्या गॅसबद्दल झालं. वजन उतरत असेल, शौचात रक्त दिसत असेल, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब होत असतील, ताप किंवा उलट्या असतील, तर हे पत्र बाजूला ठेव आणि दवाखान्यात जा. आणि एक करून पाहा, चार दिवस दूध आणि दुधाचा चहा बंद ठेव. कधी कधी दोष दुधातल्या साखरेचा असतो आणि आळ येतो वरणावर. गव्हानेही काहींना फुगतं. वहीत लिही, काय खाल्लं आणि किती वेळाने त्रास झाला. या साखरेचा गॅस जेवल्याबरोबर होत नाही, काही तासांनी होतो. अन्नाला मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो. जेवता जेवताच पोट फुगत असेल तर कारण दुसरं शोधायचं.

तुला मी डाळ सोडू देणार नाही, कारण तुझ्या ताटात दुसरं आहे काय? तुमच्याकडे अंडं चालत नाही, दूध तुझ्या वाट्याला चहापुरतं येतं. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. तीच सोडलीस तर उरतो भात, पोळी आणि भाजीची फोड. आपल्याकडच्या किती बाया अशाच फिकट होत जातात आणि कारण विचारलं तर म्हणतात, मले डाळ जमत नाही वो. लाजेपायी बाईने अन्न सोडावं, याचं मला फार वाईट वाटतं, छोटे. तुझ्या आवाजात परवा ती लाज ऐकली आणि मला झोप आली नाही.

अजून एक सांगते, ते नुसतं मला सांगायचं आहे म्हणून.

आमच्या प्रयोगशाळेत ही साखर छोट्या बाटलीत असते, पांढरी शुभ्र पूड, चिठ्ठीवर लिहिलेलं असतं पेंटाहायड्रेट, म्हणजे प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे पाच रेणू. आम्ही जंतू ओळखायला ती वापरतो. कोणता जंतू तिला आंबवतो आणि कोणता नाही, यावरून सारखे दिसणारे दोन जंतू वेगळे काढता येतात. पावाचं यीस्ट तिच्यातलं फक्त फ्रुक्टोज तोडून खातं आणि दोन तृतीयांश भाग तसाच टाकतं. लागर बिअरचं यीस्ट सगळीच संपवतं. बीटच्या साखर कारखान्यांना ती नकोशी असते, कारण ती मळीत साठते, साखरेचे दाणे लांबट, सुईसारखे करते. प्रकाशाची दिशा वळवून साखर मोजतात त्या यंत्रालाही ती फसवते. साध्या साखरेच्या दीडपटीहून जास्त वळवते, त्यामुळे आकडा फुगतो.

पण मला जी गोष्ट मनापासून आवडते ती वेगळी आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउदर्ड या दोघांनी एक द्रावण तयार केलं. एका माणसाच्या शरीरातून काढलेली किडनी, यकृत, स्वादुपिंड दुसऱ्याला बसवेपर्यंत बर्फात ठेवायचं ते द्रावण. अवयव थंड केला की पेशींचे पंप बंद पडतात, बाहेरचं पाणी आत शिरतं आणि पेशी फुगून फुटतात. त्याला अडवायला त्यांनी त्यात जे पदार्थ घातले त्यात एक रॅफिनोज होतं, लिटरला तीस मिलिमोल. तीन साखरांचा हा रेणू मोठा, पेशीत शिरत नाही. बाहेर राहतो आणि पाण्यालाही बाहेर धरून ठेवतो. यकृत पूर्वी काढल्यापासून सहा-आठ तासांत बसवावं लागे, ते त्यानंतर बारा तासांच्या पुढे टिकवता आलं. आता दुसरीही द्रावणं वापरतात, पण त्या काळी याने किती घरांना वेळ मिळवून दिला असेल. जपानमध्ये उंदराचं रेत गोठवून ठेवायची जी पद्धत रूढ झाली तिच्यातही शेकडा अठरा भाग रॅफिनोज आणि तीन भाग साय काढलेल्या दुधाची भुकटी असते. मेंढ्याच्या रेतासाठीही ही साखर वापरून पाहिली गेली आहे.

तुरीचा दाणा वाळताना तिच्याकडून जे काम करून घेतो, जवळपास तेच माणसाने तिच्याकडून करून घेतलं. पाण्याची ये-जा आणि थंडी यांच्यापासून पेशीला सांभाळायचं. वर्गात हा धडा आला की मी मुलींना बाटली हातात देते आणि फळ्यावर तुरीची शेंग काढते. दरवर्षी एखादी मुलगी विचारते, "मॅडम, म्हणजे ही आमच्या शेतातली आहे?" मी हो म्हणते, आणि मला आपलं ढेपेचं घमेलं आठवतं.

पुढच्या आठवड्यात पोळा आहे. तुमच्याकडे पुरण असणारच. पुरणाची डाळ शिजवून तिचं पाणी काढतात ना, तो कट, त्या पाण्यात ही साखर उतरलेली असते. पुरण त्यामानाने सौम्य असतं, त्रास होतो तो कटाच्या आमटीचे तीन वाडगे प्यायल्याने. तू पोळी खा, आमटी अर्धी वाटी घे. डाळ मात्र आदल्या रात्री भिजत घाल आणि ते पाणी टाकून दे.

मी पोळ्याच्या आदल्या दिवशी बडनेऱ्याहून गाडी पकडते आहे. दुपारपर्यंत पोचेन. सोबत मूग बांधून आणते, येईपर्यंत त्यांना मोड फुटलेले असतील. सासूबाईंना सांगून ठेव, यंदा कटाची आमटी तुझी ताई करणार आहे, आणि ती ढवळता ढवळता त्यांच्याशीही हे सगळं बोलणार आहे. तू समोर थांबलीस तरी चालेल, नाही थांबलीस तरी चालेल.